प्रवेश मिळेल का? अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांचा आणि एका अंदाजाचा इतिहास

अमेरिकेत बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जाऊ लागतात. त्याआधी काही महिने शाळेतला समुपदेशक मुलाला आणि पालकांना समोर बसवून कॉलेजांची यादी करतो. यादीचे तीन भाग असतात. प्रवेश जवळपास नक्की असलेली कॉलेजे ‘सेफ्टी’, मुलाचे गुण तिथल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याइतके भरतात ती ‘टार्गेट’ आणि हात पोचला तर पोचला अशी ‘रीच’. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड ही नावे आज कोणाच्याही यादीत तिसऱ्याच भागात पडतात, मग मुलाचे गुण कितीही असोत. सव्वाशे वर्षांपूर्वी अशी यादी करण्याची कोणाला गरज पडली नसती. कॉलेजचा नियम ठाऊक असे आणि तो पुरा केला की प्रवेश मिळे. नियमाच्या जागी कॉलेजांची मर्जी आली तेव्हा शक्यतेचा प्रश्न उभा राहिला, आणि ती मर्जी का व कशी आली याची कहाणी फारशी गौरवाची नाही.

हार्वर्डची स्थापना 1636 ची. पुढची दोन-अडीच शतके अमेरिकी कॉलेजांत शिरण्याची अट मुख्यतः लॅटिन, ग्रीक आणि थोडे गणित एवढीच होती. प्रत्येक कॉलेज आपली परीक्षा आपण घेई. सुरुवातीला ती तोंडी असे, एकोणिसाव्या शतकात लेखी झाली. सगळे विषय निघाले नाहीत तरी दार बंद होत नसे. राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर मुलाला आत घेत, कारण कॉलेजांना विद्यार्थी हवे होते आणि फीही हवी होती. गाळणी होती ती परीक्षेच्या आधी. बहुतेक सरकारी शाळांत ग्रीक शिकवतच नसत, म्हणून ग्रीक मागणारे कॉलेज गरिबाच्या मुलाला न सांगता बाहेर ठेवत असे. मिशिगन विद्यापीठाने 1870 च्या सुमारास वेगळी वाट काढली. विद्यापीठाचे प्राध्यापक शाळा तपासायला जात आणि पसंत पडलेल्या शाळेचा दाखला आणणाऱ्याला परीक्षेशिवाय घेत. मध्यपश्चिमेकडच्या राज्यांत ही पद्धत रुजली. पूर्वेच्या जुन्या कॉलेजांनी मात्र परीक्षा सोडली नाही.

या परीक्षांचा जाच शाळांना होई. एका कॉलेजला व्हर्जिलचे अमुक सर्ग हवेत, तर शेजारच्याला दुसरेच काही. एकाच वर्गातल्या पाच मुलांची तयारी पाच तऱ्हांनी करून घ्यावी लागे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट आणि कोलंबियाचे निकोलस मरे बटलर यांच्या पुढाकाराने 1900 साली कॉलेज बोर्ड स्थापन झाले आणि जून 1901 मध्ये त्याची पहिली सामाईक परीक्षा झाली. 973 मुले बसली. उत्तरपत्रिकांवर ‘उत्कृष्ट’, ‘चांगली’, ‘संशयास्पद’, ‘वाईट’ आणि ‘फार वाईट’ असे पाच शेरे होते. किती शेऱ्यावर घ्यायचे हे कॉलेजने ठरवायचे, पण एकदा ठरले की मग त्यात घोळ नव्हता. श्रीमंत खासगी शाळांच्या मुलांना तर तेवढीही धास्ती नव्हती. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रोटन या निवासी शाळेतून 1906 ते 1932 या काळात 405 मुलांनी हार्वर्डकडे अर्ज केला आणि 402 जणांना प्रवेश मिळाला. उरलेल्या तिघांनी काय केले असेल हा कुतूहलाचा विषय आहे.

हा सरळ नियमच पुढे कॉलेजांना टोचू लागला. पूर्व युरोपातून न्यूयॉर्क आणि बोस्टनला आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले सरकारी शाळांत शिकून या परीक्षा भराभर उत्तीर्ण होऊ लागली. हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात 1908 मध्ये सुमारे 7 टक्के असलेले ज्यू विद्यार्थी 1922 पर्यंत 21.5 टक्क्यांवर पोचले. कोलंबियात ते प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास गेले होते. जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांची मुले यामुळे दुसरीकडे वळतील, ही भीती विद्यापीठांचे चालक खासगीत बोलून दाखवत. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी ती उघडपणे मांडली आणि 1922 मध्ये ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला. गदारोळ झाला. प्राध्यापकांच्या समितीने 1923 मध्ये असा कोटा नाकारला.

दारातून नाकारलेली गोष्ट त्याआधीच खिडकीतून येऊ लागली होती, आणि तीही अर्जाच्या छापील नमुन्यातून. 1922 च्या शरदात हार्वर्डच्या अर्जात नवे रकाने दिसू लागले: वंश आणि वर्ण, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचे जन्मस्थान. शिवाय आणखी एक प्रश्न होता. जन्मानंतर अर्जदाराच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का, असल्यास सविस्तर खुलासा करावा. कोहेनचा कोवन झाला असेल तर तो इथे सापडावा, हा उद्देश स्पष्ट होता. पाठोपाठ छायाचित्र आले, शिफारसपत्र आले, मुलाखत आली. 1926 मध्ये पहिल्या वर्षाच्या जागा एक हजारावर गोठवल्या आणि निवडीत ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन दिले. प्राध्यापकांनी नाकारलेला आकडा कागदावर कुठेच लिहिला गेला नाही. तरी 1925 मध्ये 27.6 टक्क्यांवर गेलेले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण थोड्याच वर्षांत 15 टक्क्यांच्या आसपास उतरले. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी ‘द चोझन’ या 2005 च्या ग्रंथात कॉलेजांच्या दप्तरातूनच हे सारे मांडले आहे. आज ज्याला ‘होलिस्टिक’ म्हणजे सर्वांगीण निवड म्हणतात, तिची सगळी हत्यारे याच चार-पाच वर्षांत घडली. पुढे ती अनेकदा चांगल्या हेतूनेही वापरली गेली, हेही खरे. पण हत्यारामागचा कारागीर विसरून चालत नाही.

परिणाम असा झाला की गुण तेच राहिले तरी निकाल वेगळा लागू शकत होता. 1935 सालची दोन मुले पाहावीत. एक चोट या खर्चिक निवासी शाळेतला, अभ्यासात बेताचा, वर्गात मधल्या फळीच्याही खाली असलेला. वडील हार्वर्डचे माजी विद्यार्थी, गडगंज, आणि त्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या नव्या आयोगाचे अध्यक्ष. हार्वर्ड का हवे, या प्रश्नाला त्याने पाच वाक्यांत उत्तर दिले आणि जवळपास तोच मजकूर प्रिन्स्टनलाही पाठवला. दोन्हीकडून होकार आला. त्याचे नाव जॉन केनेडी. दुसरा न्यूयॉर्कच्या फार रॉकअवे भागातल्या सरकारी शाळेतला, गणितात असाधारण, वडील गणवेशांच्या धंद्यात. त्याने कोलंबियाकडे अर्ज केला आणि तिथल्या ज्यूंच्या कोट्यात तो बसला नाही. तो एमआयटीत गेला, आणि 1965 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल घेणाऱ्यांत रिचर्ड फाइनमन हे त्याचे नाव होते. त्या वर्षी कोणी नुसती गुणपत्रके पाहून या दोघांच्या शक्यता वर्तवल्या असत्या, तर दोन्ही अंदाज नेमके उलटे ठरले असते.

गुणांच्या बाजूनेही एक नवे साधन तेव्हा वाढत होते. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे 17 लाख सैनिकांची बुद्धिमापन चाचणी झाली होती. त्या कामात असलेले प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी तिच्या धर्तीवर कॉलेज बोर्डासाठी परीक्षा बांधली. 23 जून 1926 रोजी 8,040 उमेदवार पहिल्या एसएटीला बसले. 97 मिनिटांत 315 प्रश्न. याच ब्रिगम यांनी 1923 मध्ये उत्तर युरोपीय वंशाची बुद्धी श्रेष्ठ असल्याचे पुस्तक लिहिले होते, आणि 1930 मध्ये आपले ते निष्कर्ष निराधार असल्याचे छापून कबूल केले. शास्त्रज्ञाने असे उघड माघार घेणे तेव्हाही दुर्मीळ होते. परीक्षा मात्र त्यांच्या हातातून निसटून मोठी होत गेली.

तिला मोठे केले ते हार्वर्डचे 1933 पासूनचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी. रसायनशास्त्रज्ञ असलेल्या कोनंट यांना न्यू इंग्लंडच्या घराण्यांपलीकडची हुशार मुले हवी होती. मध्यपश्चिमेच्या गावांतली मुले निवडून त्यांना शिष्यवृत्ती द्यायची, तर सगळ्यांना एकाच मापाने मोजणारी कसोटी लागेल. ती शोधण्याचे काम त्यांनी हेन्री चाउन्सी या तरुण सहायक अधिष्ठात्याला दिले आणि त्याने एसएटी आणली. 1934 मध्ये या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. 1942 मध्ये युद्धाच्या धांदलीत बोर्डाच्या जुन्या निबंधवजा परीक्षा बंद पडल्या आणि एसएटी एकटी उरली. चाउन्सी पुढे 1947 च्या अखेरीस स्थापन झालेल्या ईटीएस या परीक्षासंस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. एप्रिल 1941 मध्ये बसलेल्या उमेदवारांची सरासरी 500 धरून मोजपट्टी पक्की केली गेली आणि पुढची पाच दशके सगळ्यांचे गुण त्या एका वर्षाच्या मुलांशी ताडले जात राहिले.

इथे एक बाब आज अविश्वसनीय वाटते. 1958 पर्यंत एसएटीचे गुण विद्यार्थ्याला सांगतच नसत. ते कॉलेजला आणि शाळेला कळत, आणि मुलाने मुख्याध्यापकाच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखावे. आपली शक्यता आपणच आजमावायची सोयच नव्हती. अंदाज बांधण्याचे काम दोनच जणांकडे होते, शाळेकडे आणि कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाकडे, आणि पन्नासच्या दशकात दोघांची चांगली गट्टी होती.

या गट्टीचे रूप म्हणजे ‘एबीसी’ पद्धत. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे प्रवेश अधिकारी अँडोव्हर, एक्झेटर, ग्रोटनसारख्या मोजक्या शाळांत जात, मुलांना भेटत, शाळाप्रमुखाशी बोलत आणि प्रत्येक नावापुढे अक्षर मांडत. ‘ए’ म्हणजे प्रवेश नक्की समजा. ‘बी’ म्हणजे होऊ शकेल. ‘सी’ म्हणजे आशा धरू नका. अर्जांचे रीतसर निर्णय व्हायच्या आधीच शाळेला हे अक्षर कळे, आणि ‘सी’ पडलेल्या मुलाला वेळेत दुसरे कॉलेज दाखवता येई. शक्यतेचा इतका अचूक अंदाज अमेरिकेत त्याआधी कोणाला मिळाला नव्हता आणि नंतरही नाही, कारण तो सांगणारा आणि निर्णय घेणारा एकच होता. आयोवातल्या सरकारी शाळेतल्या मुलाला ही अक्षरे असतात हेही माहीत नव्हते. सत्तरच्या दशकात ही प्रथा मोडली आणि तिची जागा सर्वांना खुल्या असलेल्या लवकर अर्जाच्या योजनांनी घेतली. त्या योजनांचाही लाभ कोणाला अधिक होतो, हा वाद अजून मिटलेला नाही.

त्याच काळात कॉलेजे स्वतःसाठी आकडेमोड शिकली. हार्वर्डमध्ये 1952 ते 1960 या काळात प्रवेशाचे प्रमुख असलेले विल्बर बेंडर यांच्या कार्यालयात अर्जदाराची एसएटी, विषयांच्या परीक्षा आणि शाळेतला क्रमांक यांवरून तो हार्वर्डच्या वर्गात कितवा येईल याचे भाकीत काढत. त्याला पीआरएल म्हणत. यंत्र चांगले चालत होते, आणि बेंडर यांना नेमकी त्याचीच धास्ती होती. भाकितात वरचे येतील तेच घेत गेलो तर कॉलेज पुस्तकी किड्यांनी भरेल, असे त्यांनी पद सोडल्यावर लेख लिहून बजावले. त्यांच्यामागून आलेल्या फ्रेड ग्लिम्प यांनी तर ‘आनंदी तळाचा चतुर्थांश’ ही कल्पना चालवली. कोणत्याही वर्गात कोणीतरी शेवटच्या पाव भागात असणारच, तर तिथे खचून न जाणारी मुले, खेळाडू वगैरे, जाणूनबुजून घ्यावीत. म्हणजे भाकितात खाली असणे हीही कधी कधी पात्रता ठरू लागली. बाहेरून आकडे मोजत बसणाऱ्याला हे कसे कळावे?

साठच्या दशकात युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी कॉलेजच्या दाराशी आली आणि जागा मात्र जवळपास तेवढ्याच राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंत हार्वर्ड निम्म्याहून अधिक अर्जदारांना घेत होते. आता ते दिवस संपले. येलमध्ये 1965 साली आलेले प्रवेशप्रमुख इन्स्ली क्लार्क स्वतः सरकारी शाळेतून शिकलेले होते. त्यांनी जुन्या शाळांचे लाड कमी केले आणि देशभरातल्या हायस्कुलांकडे माणसे पाठवली. विश्वस्तांनी त्यांना बोलावून जाब विचारला. एका सदस्याने टेबलाभोवती बसलेल्यांकडे बोट दाखवून सुचवले की देशाचे पुढारी हे असे असतात, इथे ना कोणी ज्यू आहे ना सरकारी शाळेतला. क्लार्क हटले नाहीत. 1966 मध्ये येलने अर्जदाराची ऐपत न बघता निवड करण्याचे धोरण स्वीकारले, आणि 1969 मध्ये येल व प्रिन्स्टन दोन्ही मुलींना खुली झाली. हाच तो काळ ज्यात शक्यतेचा अंदाज बाजारात विकत मिळू लागला. जेम्स कॅस आणि मॅक्स बर्नबॉम यांचे कॉलेजांची तुलना करणारे जाडजूड मार्गदर्शक 1964 मध्ये निघाले आणि कोणते कॉलेज किती निवडक हे पालकांना घरबसल्या वाचता आले. परीक्षेची शिकवणीही रुळली होती. ब्रुकलिनमध्ये स्टॅन्ली कॅप्लन चाळीसच्या दशकापासून एसएटीचे वर्ग घेत होते, आणि या परीक्षेसाठी शिकवणी लावून काही उपयोग नाही असे परीक्षा घेणारे सांगत होते. पालकांनी कोणाचे ऐकले हे सांगायला नको.

पुढच्या दोन घटनांनी अंदाजाचे गणित बिघडवले. 1975 मध्ये 15 खासगी कॉलेजांनी मिळून एकच सामाईक अर्ज काढला. टंकलेखन करून सात अर्ज भरण्याऐवजी एकाच्याच प्रती पाठवता येऊ लागल्या, आणि अर्ज ऑनलाइन झाल्यावर तर ही संख्या धरबंद सोडून वाढली. 1983 मध्ये ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ साप्ताहिकाने कॉलेजांची पहिली क्रमवारी छापली. नकारांचे प्रमाण तिच्या निकषांत अनेक वर्षे होते, 2018 मध्ये काढले. नकार जितके जास्त तितकी प्रतिष्ठा जास्त, हे कॉलेजांना उमगायला वेळ लागला नाही. मुलांना पत्रकांचा भडिमार होऊ लागला, अर्ज वाढले, टक्केवारी घसरली. घसरलेली टक्केवारी पाहून मुले भीतीने आणखी अर्ज करू लागली. शिकागो विद्यापीठ 2000 च्या दशकाच्या मध्यावर सुमारे 40 टक्के अर्जदारांना घेत होते. दहाएक वर्षांत ते प्रमाण 10 टक्क्यांच्या खाली गेले. एवढ्या काळात विद्यापीठ काही चारपट अवघड झाले नव्हते.

या काळात काही वर्षे एका मोठ्या विद्यापीठात मात्र शक्यता खरोखर बोटांवर मोजता येत होती. मिशिगन विद्यापीठाच्या पदवी विभागात 150 गुणांचा तक्ता होता आणि 100 गुणांना प्रवेश जवळपास पक्का. शाळेतल्या गुणांना 80 पर्यंत, पूर्ण एसएटीला 12, राज्याच्या रहिवाशाला 10, माजी विद्यार्थ्याच्या मुलाला 4 आणि कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व मूलनिवासी अर्जदारांना 20. या शेवटच्या आकड्यावर खटला झाला आणि जून 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रॅट्झ’ निकालात हा तक्ता घटनाबाह्य ठरवला. त्याच दिवशी त्याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची निवडपद्धत मात्र कायम ठेवली, कारण तिथे वंशाचा विचार होत असला तरी त्याला ठरावीक आकडा नव्हता. न्यायालयाचा तर्क काहीही असो, व्यवहारात धडा एकच मिळाला. वजन द्यायचे तर द्या, पण ते लिहून ठेवू नका. उघड तक्ता गेला आणि अर्जदाराच्या हातून हिशेबाची शेवटची कागदी चिठ्ठी गेली.

तिच्या जागी उपलब्ध माहितीचे ढिगारे आले. नव्वदच्या दशकापासून बहुतेक कॉलेजे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे ठरावीक विवरण भरतात. त्यात दाखल झालेल्या मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण कुठून कुठपर्यंत, हे सापडते. एका तक्त्यात निबंध, शिफारस, खेळ, माजी विद्यार्थ्याशी नाते अशा प्रत्येक बाबीपुढे ‘अत्यंत महत्त्वाची’, ‘महत्त्वाची’, ‘विचारात घेतली जाते’ किंवा ‘घेतली जात नाही’ अशी खूण असते. 2000 च्या दशकात नॅव्हिअन्ससारख्या संगणकप्रणाली शाळांत शिरल्या. पडद्यावर आलेख उघडतो, आडव्या रेषेवर एसएटी, उभ्या रेषेवर शाळेतले गुण, आणि आपल्याच शाळेतून त्या कॉलेजकडे अर्ज केलेल्या मागच्या मुलांचे ठिपके. हिरवा म्हणजे प्रवेश, लाल म्हणजे नकार. सरकारी विद्यापीठांचा आलेख पाहिला तर वर हिरवे, खाली लाल आणि मध्ये थोडी सरमिसळ. हार्वर्ड-स्टॅनफर्डचा उघडला तर उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यांचे गुण पैकीच्या पैकी, तिथेच हिरवे-लाल ठिपके एकमेकांवर चढलेले असतात. त्यांतला कोण नौकानयनासाठी आधीच निवडलेला होता, कोणाचे वडील तिथेच शिकले होते, हे ठिपका सांगत नाही.

तोकडेपणा यापेक्षाही खोल आहे. कॉलेज प्रवेशाची जी 5 टक्के आकडेवारी छापते, ती कोणा एका मुलाची शक्यता नसते. ती अत्यंत असमान गटांची सरासरी असते. आणखी एक चूक सर्रास होते. प्रत्येकी 5 टक्के शक्यता असलेल्या दहा कॉलेजांना अर्ज केले तर निदान एकीकडे लागण्याची शक्यता 40 टक्के, असा हिशेब पालक करतात. तो खरा ठरायला दहा निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. ते तसे नसतात, कारण दहाही ठिकाणी तोच निबंध, तीच शिफारस आणि तेच गुणपत्रक वाचले जाते. एकाला जे खटकले ते बाकीच्यांनाही खटकण्याचा संभव असतो.

दारामागे काय चालते ते सर्वांत जास्त उघड झाले ते न्यायालयात. ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ या संस्थेने 2014 मध्ये हार्वर्डविरुद्ध दावा लावला. आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होतो, असा आरोप होता. ऑक्टोबर 2018 मध्ये बोस्टनला सुनावणी झाली तेव्हा हार्वर्डला आपली दप्तरे मांडावी लागली. अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना 1 ते 6 असे अंक, 1 सर्वांत वरचा. देशाचे भाग पाडून प्रत्येकाची वेगळी छाननी, आणि शेवटी सुमारे चाळीस जणांच्या समितीत मतदान. एका वर्षीच्या सुमारे 26,000 देशी अर्जदारांत 8,000 हून अधिक जणांची शालेय सरासरी पूर्ण होती आणि तीन हजारांहून अधिकांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी. वर्गातल्या जागा मात्र सतराशेच्या आत. दुसरीकडे निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्के आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश आत येत होते.

खटल्याचा गाभा हा खरे तर शक्यतेचाच वाद होता. वादींचे तज्ज्ञ, ड्यूक विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो यांचे म्हणणे असे, की 25 टक्के शक्यता असलेला आशियाई मुलगा बाकी सारे तेच ठेवून गोरा असता तर ती 35 टक्के, हिस्पॅनिक असता तर 75 आणि कृष्णवर्णीय असता तर 95 टक्के झाली असती. हार्वर्डचे तज्ज्ञ, बर्कलीचे डेव्हिड कार्ड यांनी तेच अर्ज घेऊन आशियाई अर्जदारांवर अन्याय दिसत नाही असे दाखवले. फरक कुठे पडला? आर्सिडियाकोनो यांनी खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले वगैरे गट बाजूला काढले आणि व्यक्तिमत्त्वाचा अंक पक्षपाताने डागाळलेला म्हणून वगळला. कार्ड यांनी दोन्ही धरले. न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी 2019 मध्ये कार्ड यांचे मानले. सहा वर्षांचे दीड लाखाच्या घरातले अर्ज हाताशी असताना दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञ, ज्यांतल्या एकाला दोन वर्षांनी नोबेल मिळाले, एका काल्पनिक मुलाच्या शक्यतेवर एकमत होऊ शकले नाहीत. शाळेच्या समुपदेशकाकडे फार तर वीस-पंचवीस ठिपके असतात.

1965 च्या कायद्याने स्थलांतराचे दार उघडल्यावर न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि शिकागोभोवती स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना या व्यवस्थेचा धक्का विशेष बसला. त्या पिढीतल्या पुष्कळांचा स्वतःचा मार्ग परीक्षेतल्या क्रमांकाने ठरलेला होता. गुणवत्ता यादी लागते, कटऑफ जाहीर होतो, अर्ध्या टक्क्याने हुकले तर हळहळ होते, पण कशाने हुकले हे कळते. व्यवस्थापन कोटा किंवा वशिला असलाच तर तो वेगळ्या रांगेत असतो आणि त्याला सगळे वशिलाच म्हणतात. अमेरिकेत ‘गेल्या वर्षीचा कटऑफ किती?’ या प्रश्नाला उत्तरच नसते. गणित ऑलिंपियाड, व्हायोलिन आणि स्पेलिंग बी अशी शिस्तीत भरलेली यादी असलेली पुष्कळ मुले एकाच छाननीत येतात आणि यादीचे वजन कमी होते, ही तक्रार या समाजात वारंवार ऐकू येते. खासगी प्रवेश-सल्लागारांचा धंदा अशाच धास्तीवर चालतो.

त्या धंद्याचे टोक मार्च 2019 मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातल्या एका सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन परीक्षेत तोतये बसवले आणि प्रशिक्षकांना लाच देऊन, कधी पाण्यातही न उतरलेल्या मुलांना वॉटरपोलोचे खेळाडू म्हणून घुसवले. पुढचे दार म्हणजे स्वतःच्या बळावर, मागचे दार म्हणजे मोठी देणगी, आणि आपण बाजूचे दार विकतो असे तो गिऱ्हाइकांना सांगे. मागच्या दाराने कोट्यवधी मोजूनही खात्री मिळत नाही, बाजूच्या दाराने मिळते, हा त्याचा दावा होता. पालक शक्यता वाढवण्यासाठी पैसे मोजत नव्हते. त्यांना ‘शक्यता’ हा शब्दच व्यवहारातून काढून टाकायचा होता.

2020 नंतर जुने ठोकताळेही निकामी झाले. साथीत परीक्षा केंद्रे बंद पडल्याने बहुतेक कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली. हार्वर्डकडचे अर्ज एका वर्षात 40,248 वरून 57,435 वर गेले आणि 1,968 जणांना होकार मिळाला, म्हणजे 3.4 टक्के. गुण चांगले असतील तरच मुले ते पाठवू लागली, त्यामुळे छापलेली गुणांची पट्टी वर सरकली आणि तिच्याशी तुलना करून चांगल्या गुणांची मुलेही आपले गुण लपवू लागली. एमआयटीने 2022 मध्ये आणि डार्टमथ व हार्वर्डने 2024 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. डार्टमथच्या संशोधकांना आढळले होते की गरीब घरांतली काही मुले पाठवले असते तर फायद्याचे ठरले असते असे गुण दडवून ठेवत होती.

दरम्यान 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड प्रकरणातला खालच्या न्यायालयाचा निकाल फिरवला आणि वंशाचा निवडीत थेट विचार करण्यास मनाई केली. वंशाने आयुष्यावर काय परिणाम केला हे अर्जदार निबंधात लिहू शकतो एवढी फट ठेवली, आणि कॉलेजांनी लगोलग निबंधाचे प्रश्न बदलले. पुढच्या वर्षी एमआयटीत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे 13 टक्क्यांवरून 5 वर आले आणि आशियाई 40 वरून 47 वर गेले, तर हार्वर्डमध्ये आशियाईंचे प्रमाण 37 टक्क्यांवर जागचे हलले नाही. शाळांच्या आलेखांतले 2023 पूर्वीचे ठिपके आता वेगळ्या नियमांखालचे आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते मापही मागे सरते आहे. जॉन्स हॉपकिन्सने ते 2014 मध्ये गाजावाजा न करता सोडले, ॲम्हर्स्टने 2021 मध्ये, आणि कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये केलेल्या कायद्याने राज्याच्या विद्यार्थी-अर्थसाहाय्याचा लाभ घेणाऱ्या खासगी कॉलेजांना सप्टेंबर 2025 पासून ते देण्यास बंदी घातली. हा कायदा मोडल्यास दंड नाही. फक्त मोडणाऱ्या कॉलेजचे नाव राज्याच्या संकेतस्थळावर जाहीर होते.